पाच पॉइंट मोठे की एक?

घरखर्चाच्या या पानासाठी यंदा आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच विषयावर होती: सुपरमार्केटची मेंबर कार्डं, त्यांचे पॉइंट आणि अ‍ॅपवरच्या ऑफर. या विषयावर मी थोडं अधिकाराने बोलू शकते. नऊ वर्षं मी एका सुपरमार्केटच्या बिल काउंटरवर उभी होते आणि पुढची चार वर्षं त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत याच स्कीमचे हिशेब लावत होते. आता मी फक्त गिऱ्हाईक आहे. पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्याला बरीच जास्त जागा दिली आहे, कारण तिथला गुंता सुटला की बाकीचे निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

प्रश्न : आमच्या घरात चार सुपरमार्केटची कार्डं आहेत. एक दुकान १०० च्या खरेदीला १ पॉइंट देतं, दुसरं ५ देतं. तिसऱ्यात पॉइंट नाहीत, पण काही वस्तूंवर मेंबरांसाठी कमी भाव असतो. चौथं दुकान दर महिन्याला कुपनं पाठवतं. मिस्टरांचं म्हणणं, सगळी खरेदी पाच पॉइंटवाल्याकडे करू. मी वर्षभर चारही ठिकाणी विभागून सामान घेतेय, पण महिन्याचा खर्च काही खाली येत नाही. कुठलं कार्ड ठेवू आणि कुठलं टाकून देऊ? – एक गृहिणी

उत्तर : ताई, वर्षभर करून पाहिलं तरी खर्च खाली आला नाही, हे तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते फार बरं केलंत. बहुतेक लोक इतके पॉइंट जमले, तितके जमले एवढंच सांगतात. बिल किती कमी झालं हे कोणी सांगत नाही, कारण ते कोणी मोजलेलंच नसतं.

आधी त्या पाच आणि एकचा निकाल लावू. पॉइंट म्हणजे दुकानाने स्वतः पाडलेलं नाणं, आणि त्याचा भावही दुकानच ठरवतं. किती पॉइंट मिळतात हा अर्धाच प्रश्न. एक पॉइंट वटवला की बिलातून किती वजा होतं, हा उरलेला अर्धा. हे दुसरं उत्तर पोस्टरवर नसतं. माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला किंवा अ‍ॅपमधल्या नियम-अटींत बारीक अक्षरात असतं. समजा, पहिल्या दुकानात १ पॉइंट दिला की बिलातून १ वजा होतो आणि दुसऱ्यात १० पॉइंट दिले की १ वजा होतो. मग पहिलं दुकान १०० मागे १ परत देतंय आणि दुसरं १०० मागे अर्धा. मिस्टरांना ज्या पाचाचा मोह पडलाय, तो त्या एकाच्या निम्मा आहे.

इथेच थांबू नका. पॉइंट सुटे वटवता येतात की गठ्ठ्याने, ते पाहा. पुष्कळ ठिकाणी ५०० पॉइंटचा गठ्ठा झाल्याशिवाय वटवता येत नाहीत, आणि वर्ष उलटलं की शिल्लक पॉइंट बाद होतात. तुम्ही त्या दुकानात महिन्याला ४,००० ची खरेदी केलीत, तर महिन्याचे पॉइंट झाले २०० आणि वर्षाचे २,४००. त्यातले ५०० चे चार गठ्ठे सुटतील, म्हणजे २,००० पॉइंट. उरलेले ४०० लटकले. २,००० पॉइंटचे २०० झाले. वर्षाच्या ४८,००० च्या खरेदीवर २०० म्हणजे १०० मागे अर्धासुद्धा नाही, ०.४२ झाले. स्कीमची तुलना करायची ती याच आकड्यावर. जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवा आणि वर्षाच्या शेवटी १०० मागे पदरात किती पडलं, तेवढंच वहीत लिहा.

आता तिसरं दुकान. मेंबरांसाठी वेगळा भाव हा प्रकार पॉइंटपेक्षा जास्त देऊ शकतो, कारण इथे सूट हातोहात मिळते. पण ती ज्या वस्तूंवर आहे, त्या तुमच्या यादीत आहेत का? यादीत ४० वस्तू असतील, त्यातल्या सहांवर मेंबर भाव असेल आणि त्या सहांचा वाटा बिलाच्या आठव्या हिश्श्याइतका असेल, तर २० टक्के सूट म्हणजे पूर्ण बिलावर अडीच टक्के. अडीच टक्के वाईट नाहीत. पण पिवळ्या लेबलवर ठळक छापलेला २० हा आकडा डोक्यात घेऊन घरी जाऊ नये.

दुसरी शंका अशी, की मेंबर भाव चांगला दिसावा म्हणून इतरांसाठीचा भाव मुद्दाम फुगवलेला असतो का? काउंटरवर असताना हा प्रश्न मला लोक रोज विचारायचे. ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने याची रीतसर छाननी केली. पाच मोठ्या सुपरमार्केट साखळ्यांतल्या मेंबर भावाच्या सुमारे ५०,००० वस्तू तपासून त्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष दिला, की ९२ टक्के वस्तूंवर नेहमीच्या भावाच्या तुलनेत खरोखर बचत होती. भाव फुगवल्याचा पुरावा फारच थोडा सापडला. म्हणजे सरसकट सगळं बनावट आहे, असं म्हणायला आधार नाही. पण त्याच संस्थेने हेही सांगितलं, की मेंबर भाव हा बाजारातला सर्वांत कमी भाव असेलच असं नाही, म्हणून इतर दुकानांत विचारून घ्या. लोक पहिला भाग लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात. माझ्या दृष्टीने दुसराच जास्त महत्त्वाचा.

त्याचं कारण शेल्फसमोर उभं राहिलं की कळतं. गेल्या महिन्यात मी कपडे धुण्याच्या पावडरीसमोर उभी होते. एकाच कंपनीची दोन पाकिटं: ७५० ग्रॅमच्या पाकिटावर मेंबर भावाचं मोठं लेबल, २० टक्के सूट. शेजारी २ किलोचं पाकीट, त्यावर काहीच नाही, साधं पांढरं लेबल. हात आपोआप लहान पाकिटाकडे गेला. तेरा वर्षं या धंद्यात काढलेला हात, तरीही गेला. मग वाकून दोन्ही लेबलांच्या खालच्या कोपऱ्यातला बारीक आकडा वाचला: १०० ग्रॅमला किती पडतं तो. सुटीआधी लहान पाकिटात १०० ग्रॅमला १३ पडत होते. २० टक्के गेले की १०.४०. मोठ्या पाकिटात मुळातच १०. म्हणजे सूट न लावलेलं पाकीटच स्वस्त होतं, आणि त्यासाठी कार्डही लागत नव्हतं. गंमत म्हणून सांगत नाही. लेबलावरच्या सूट मिळालेल्या भावाशेजारी हा १०० ग्रॅमचा आकडा पुष्कळदा जुन्या भावावरच काढलेला असतो किंवा छापलेलाच नसतो. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढा: किंमत भागिले वजन, गुणिले १००. दहा सेकंदांचं काम आहे. युरोपीय संघात किलोमागचा किंवा लिटरमागचा भाव लावणं १९९८ च्या निर्देशापासून बंधनकारक आहे आणि ऑस्ट्रेलियात मोठ्या किराणा दुकानांना २००९ पासून. ग्राहकाला तुलना करता यावी म्हणूनच ते नियम झाले. हा आकडा वाचायची सवय लागली, तर ती सवय एखाद्या कार्डापेक्षा जास्त पैसे वाचवते.

चौथ्या दुकानाची कुपनं. मागच्या खोलीत मी हेच काम करत होते, म्हणून सांगते. कुपनं यादृच्छिक नसतात. तुम्ही एखादी वस्तू नेहमी घेत होतात आणि दोन महिने घेतली नाहीत, तर तिचं कुपन येतं, कारण ती तुम्ही दुसरीकडून घेताय अशी दुकानाला शंका असते. तुम्ही कधीच न घेतलेल्या वस्तूचं कुपन येतं, कारण तुम्हाला ती सवय लावायची असते. पहिल्या प्रकारचं कुपन जरूर वापरा. दुसऱ्या प्रकारचं कुपन वापरून वाचवलेले पैसे हे वाचवलेले नसतात, उलट नसता खर्च झालेला असतो. बचतीच्या रकान्यात ते धरू नका.

आणि एक प्रसंग, जो मला आजही आठवतो. आमच्याकडे पडद्यावर एक ओळ यायची: अमुक रकमेच्या वर बिल गेलं तर दुप्पट पॉइंट. आम्ही ती गिऱ्हाइकाला वाचून दाखवायची असा नियम होता. 'अजून थोडंच कमी पडतंय, काही घेताय का?' हे वाक्य मी दिवसाला शंभर वेळा म्हटलं असेल. एक वयस्कर गृहस्थ दर शनिवारी यायचे, कापडी पिशवी नीट घडी घालून खिशात आणायचे. मी ते वाक्य म्हटलं. त्यांनी मागच्या रांगेकडे वळून माफी मागितली, आत गेले आणि फरशी पुसायच्या औषधाची आणखी एक बाटली घेऊन आले. एक बाटली त्यांच्या सामानात आधीच होती. दुप्पट झालेल्या पॉइंटची किंमत त्या बाटलीच्या दहाव्या हिश्श्याइतकीसुद्धा नव्हती. मला ते ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. पुढच्या शनिवारी मी तो प्रश्न विचारला नाही आणि त्यानंतर शक्य तितका टाळला. काउंटरवर तुम्हाला कोणी असं विचारलं, तर समोरच्या मुलीवर रागावू नका, ती तिची नोकरी करतेय. फक्त 'नको' म्हणा.

आता तुमचं काम. एका वहीत त्या २० वस्तू लिहा ज्या तुम्ही दर महिन्याला घेताच, ब्रँड आणि वजनासकट. चारही दुकानांत एकदाच, एकाच आठवड्यात जाऊन किंवा त्यांच्या अ‍ॅपवर बघून, प्रत्येक वस्तूचे दोन भाव लिहा: कार्ड नसलेल्याचा आणि कार्ड असलेल्याचा. वजन वेगळं असेल तर १०० ग्रॅमवर आणून लिहा. खाली बेरीज करा. मी हे तीन दुकानांसाठी केलं तेव्हा कार्डाविना भावांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग दुकानामध्ये १०० मागे ७ चा फरक निघाला. माझं सर्वांत चांगलं कार्ड १०० मागे जेमतेम १ देत होतं, आणि ते कार्ड महाग दुकानाचं होतं. दोन वर्षं मी एकासाठी सात घालवत होते. त्या रात्री वही मिटून मी बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिले होते.

तेव्हा दुकान निवडा ते मूळ भावावर, आणि मग त्या दुकानाचं कार्ड असेल तर घ्या. दुसरं एक दुकान हाताशी असू द्या, ज्यात यादीतल्या मोजक्या वस्तू ठळकपणे स्वस्त आहेत. बाकीची दोन बंद करा. चार दुकानांत विभागलेल्या खरेदीत एकाही ठिकाणी गठ्ठा पुरा होत नाही, आणि प्रत्येक फेरीत यादीबाहेरचं काहीतरी पिशवीत येतंच. सहा महिन्यांनी पुन्हा वही काढा, कारण भाव हलतात. तुमचा खर्च खाली का येत नव्हता, त्याचं उत्तर बहुधा या पहिल्या बेरजेतच दिसेल. दिसलं तर मला कळवा. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

प्रश्न : दुकानदार आपला तोटा करून सवलत कशाला देईल? मुलगा म्हणतो, तुझ्या खरेदीची माहिती विकतात, फोन नंबर देऊ नकोस. मी घाबरून कार्डच घेतलं नाही. चूक केली का? – निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, चूक काही नाही, पण घाबरून घेतलेला निर्णय थोडा उलगडून बघू.

गिऱ्हाइकाला खरेदीच्या प्रमाणात काहीतरी परत देण्याची रीत जुनी आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात कामगारांनी १८४४ च्या डिसेंबरात स्वतःचं सहकारी दुकान उघडलं आणि नफा सभासदांना त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात वाटला. तिथे गिऱ्हाईक हाच मालक होता, म्हणून परत मिळणारा पैसा हा त्याचाच नफा होता. पुढे अमेरिकेत १८९६ पासून स्पेरी अँड हचिन्सन कंपनीची हिरवी तिकिटं आली. दुकानदार ती कंपनीकडून विकत घ्यायचा, खरेदीबरोबर द्यायचा, लोक वहीत चिकटवायचे आणि वह्या भरल्या की वस्तू घ्यायचे. तिकिटावर कोणाचं नाव नव्हतं. कोणी काय घेतलं, याची नोंद कुठेच होत नव्हती.

बदल झाला तो नाव जोडलं गेलं तेव्हा. ब्रिटनच्या टेस्को या सुपरमार्केट साखळीने १९९५ मध्ये क्लबकार्ड नावाचं मेंबर कार्ड सुरू केलं. त्याआधी एका लहान विश्लेषण कंपनीने, डनहंबीने, काही दुकानांत चाचणी घेऊन निष्कर्ष संचालकांसमोर मांडले. टेस्कोचे तेव्हाचे अध्यक्ष इयन मॅकलॉरिन तेव्हा जे म्हणाले ते पुढे प्रसिद्ध झालं: मला तीस वर्षांत माझ्या गिऱ्हाइकांबद्दल जे कळलं नाही, ते तुम्हाला तीन महिन्यांत कळलं, अशा अर्थाचं ते होतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. दुकान तोटा करत नाही, ते माहिती विकत घेतं. तुम्हाला मिळणारा एखादा टक्का ही त्या माहितीची किंमत. माल कुठल्या शेल्फवर ठेवायचा, किती मागवायचा, कुपन कोणाला पाठवायचं हे त्यावरून ठरतं, आणि मालाच्या कंपन्यांना जाहिरातीची जागाही त्याच माहितीच्या जोरावर विकली जाते.

म्हणून मुलगा अगदीच चुकीचं बोलत नाही. पण माहिती किती द्यायची, हे बरंचसं तुमच्या हाती असतं. मी स्वतः नाव आणि नंबर देते. जन्मतारीख, घरात माणसं किती, उत्पन्नाचा गट हे रकाने सक्तीचे नसतील तर कोरे सोडते. अ‍ॅप घेतलं तर ठिकाण कळवण्याची परवानगी बंद ठेवते आणि सूचनाही बंद ठेवते, कारण त्या सूचनांमुळेच यादीबाहेरची खरेदी होते. औषधं आणि तब्येतीशी संबंधित वस्तू मी कार्डाविना, वेगळ्या बिलावर घेते. त्यात काही पॉइंट जातात, जाऊ देत. घरातल्या आजारपणाची नोंद मला कुठल्या दुकानाच्या संगणकात नको आहे. एवढं करून कार्ड घ्यावंसं वाटलं तर घ्या, नाही वाटलं तर १०० मागे एक गेला. त्याने झोप उडू देऊ नका.

प्रश्न : एका दुकानाने वर्षाची फी भरून खास मेंबरशिप देऊ केली आहे. जास्त परतावा मिळणार म्हणतात. घ्यावी का? – नोकरदार वाचक

उत्तर : फीला जादा परताव्याने भागा. फी ६०० आणि साध्या मेंबरपेक्षा जादा परतावा २ टक्के असेल, तर वर्षाला ३०,००० ची खरेदी झाली की तुमची फी जेमतेम वसूल होते. बचत त्यानंतर सुरू होते. गेल्या वर्षी त्या दुकानात खरोखर किती खरेदी झाली, हे जुन्या बिलांवरून काढा. 'आता मेंबर झाल्यावर जास्त घेईन' हा आकडा धरू नका, फी घेणाऱ्याचं गणित नेमकं त्यावरच बेतलेलं असतं. अमेरिकेतल्या कॉस्टकोसारख्या घाऊक क्लबांच्या नफ्यात मेंबरशिप फीचा वाटा मोठा आहे. तिथे भाव खाली ठेवणं त्यांना परवडतं ते त्यामुळेच. मोठं कुटुंब असेल, साठवायला जागा असेल, तर असे क्लब उपयोगी पडतात. दोन माणसांच्या घरात मोठा डबा अर्धा संपेपर्यंत उरलेला खराब होतो, आणि टाकून दिलेल्या मालावर कोणी परतावा देत नाही.

प्रश्न : तीन वर्षं पॉइंट साठवले, मुलीच्या नव्या घरासाठी एक मोठी वस्तू घ्यायची होती. मागच्या महिन्यात दुकानाने पॉइंटचा दर बदलला आणि निम्म्यावर आणला. दाद मागता येईल का? – एक आई

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं, कारण हे माझ्याही बाबतीत झालं आहे. मी कपाटासाठी साठवत होते. एका सकाळी मेसेज आला, की पुढच्या महिन्यापासून वटवण्यासाठी जास्त पॉइंट लागतील. जमलेले आकडे तेवढेच राहिले, त्यांची किंमत मात्र घसरली होती.

आधी अटी काढून वाचा. 'पूर्वसूचना देऊन दर बदलण्याचा अधिकार' असं कलम बहुतेक ठिकाणी असतं. मग पाहायचं ते एवढंच, की पूर्वसूचना खरोखर दिली होती का, आणि जुन्या दराने वटवायला मुदत दिली होती का. दिली नसेल, तर लेखी तक्रार करा. दर बदलल्याची तारीख, तुमची शिल्लक आणि सूचना न मिळाल्याचं स्पष्ट लिहा, पोच घ्या. माझ्या माहितीतल्या दोघींना अशा पत्रावर जुन्या दराने पॉइंट वटवून मिळाले होते. दुकानाने ऐकलं नाही, तर तुमच्या भागातल्या ग्राहक तक्रार यंत्रणेकडे तेच पत्र द्या.

आणि यापुढे साठवू नका, ही माझी हात जोडून विनंती. पॉइंटवर व्याज नाही. दुकान बंद पडलं तर ते परत मिळतील याची खात्री नाही. महागाई वाढते तशी त्यांची ताकद घटत जाते. गठ्ठा झाला की त्याच दिवशी नेहमीच्या वाणसामानावर वटवा आणि तेवढेच पैसे बँकेत मुलीच्या नावाने टाका. वर्षाच्या शेवटी ती रक्कम तुमची असेल, तिचा दर कोणाला एका मेसेजने बदलता येणार नाही.

प्रश्न : माझं वय ७६. साधा बटणांचा फोन आहे. आता शेल्फवर दोन-दोन भाव असतात आणि कमी भाव फक्त अ‍ॅपवाल्यांना. मला दर वेळी जास्त पैसे द्यावे लागतात. काही मार्ग आहे का? – एक आजोबा

उत्तर : आजोबा, हे पत्र मी सर्वांत शेवटी ठेवलं, कारण याचा मला मनापासून राग आहे. ज्याच्याकडे महागडा फोन आहे त्याला माल स्वस्त, आणि ज्याला एकेक पैसा मोजून खर्च करावा लागतो त्याला महाग, हे उलटं आहे. ब्रिटनच्या त्याच २०२४ च्या अहवालातही ही अडचण नोंदवली होती, की स्मार्टफोन नसलेल्यांना दुकानात किंवा फोनवरून मेंबर होता यावं यासाठी सुपरमार्केटनी जास्त प्रयत्न करायला हवेत.

पण मार्ग आहेत. बिल काउंटरवर नाही, ग्राहक सेवेच्या टेबलावर जा, शक्यतो सकाळी, गर्दी नसताना. 'मला अ‍ॅपशिवाय मेंबर व्हायचं आहे' एवढंच म्हणा. बऱ्याच दुकानांत प्लॅस्टिकचं कार्ड अजून मिळतं, पण ते समोर मांडलेलं नसतं, मागावं लागतं. कार्ड नसेल, तर साध्या फोनच्या नंबरावर नोंदणी होते का विचारा. काउंटरवर नंबर सांगितला की काम होतं. कोड येतो तो साध्या मेसेजने, तो तुमच्या फोनवर दिसेल. तेही जमत नसेल, तर मुलाच्या किंवा सुनेच्या खात्याचा नंबर वापरा. एका घरातल्यांनी एक खातं वापरण्याला सहसा हरकत नसते, आणि सगळ्यांचे पॉइंट एकत्र जमले तर गठ्ठाही लवकर होतो.

नंबर एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पाकिटात ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचं: नंबर पहिली वस्तू स्कॅन होण्याआधी सांगा. पैसे देण्याआधी पडद्याकडे बघा, मेंबर भाव लागला असेल तर वस्तूच्या खाली वजा केलेली रक्कम वेगळ्या ओळीत दिसते. ती ओळ दिसली नाही, तर तिथेच थांबवा. बिल उघडं असेपर्यंत कॅशियर स्वतः नंबर घालू शकतो, एका मिनिटाचं काम आहे. पैसे दिल्यावर बिल बंद होतं, मग सुपरवायझर बोलवावा लागतो, जुनं बिल रद्द होऊन नवं निघतं आणि रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागतात. तशी वेळ आलीच, तरी संकोच करू नका. मी काउंटरवर असताना ज्यांनी शांतपणे 'जरा बघता का, माझा भाव लागलेला दिसत नाही' असं म्हटलं, त्यांचं बिल मी कधीच तसंच जाऊ दिलं नाही.